पांढऱ्या कागदाचं माप

मनू, तू पाठवलेलं स्टेजचं चित्र काल रात्री दोनदा पाहिलं. सहा टार्गेट, बारा गोळ्या आणि पाच नो-शूट. पहिलीच स्टेज आखतेयस, मेहनत घेतलीयस हे कळतंय. पण पाच फार झाले गं.

आपल्या घरात नेमबाजी म्हटलं की अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, आता कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. एका जागी स्थिर राहायचं, श्वास आवरायचा, समोरच्या एकाच काळ्या ठिपक्यावर जीव लावायचा. आईला तर अजून वाटतं, आपण दोघी इथे मेलबर्नमध्ये तेच करतो. आपला खेळ वेगळा. आयपीएससी ही त्याची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया शहरात सुरू झाली, तेव्हापासून खेळाची त्रिसूत्री ठरलेली आहे: अचूकता, ताकद, वेग. धावत धावत नेम धरायचा, आणि काही कागदांना मुळीच लागू द्यायचं नाही. हे ‘लागू द्यायचं नाही’ नेमबाजाला शिकवणारा पांढरा कागद म्हणजे नो-शूट. म्हणून तो लावताना हात राखून लाव.

आधी त्याची किंमत नीट समजून घे. तू प्रॉडक्शन गटात खेळतेस, म्हणजे टार्गेटच्या मधल्या अल्फा भागाला 5, त्याभोवतीच्या चार्लीला 3, कडेच्या डेल्टाला 1. तुझ्या स्टेजवर कुणी बारा अल्फा दहा सेकंदांत मारले, तर 60 गुण; गुण भागिले सेकंद, म्हणजे हिट फॅक्टर 6. आता समज, एक गोळी अल्फात बसली पण जाता जाता पुढच्या पांढऱ्या कागदाची कड खाऊन गेली. अल्फाचे 5 मिळतात, वर 10 वजा होतात. 50 गुण, हिट फॅक्टर 5. तीच गोळी पूर्ण पांढऱ्यात गेली तर? अल्फा गेला, मिसचे 10 गेले, नो-शूटचे 10 गेले. उरले 35, हिट फॅक्टर 3.5. त्याच नेमबाजाने नेमासाठी सात सेकंद जास्त घेऊन बारा अल्फा मारले असते, तरी हिट फॅक्टर साडेतीनच्या आसपासच भरला असता. एका गोळीचे सात सेकंद! एवढा दंड तू पाच ठिकाणी मांडून ठेवलायस.

नो-शूट कुठे लावावा, तर जिथे नेमबाजाला निवड करावी लागेल तिथे. पहिल्या टार्गेटवर तू खालचा कोपरा झाकलायस, ते मला फार आवडलं. वर अल्फा मोकळा आहे. घाईत गोळी खाली उतरली की दंड, क्षणभर थांबलं की पूर्ण गुण. तिसऱ्या टार्गेटवर मात्र दोन्ही बाजूंनी पांढरे लावून मध्ये बोटभर पट्टी ठेवलीस. तिथे निवडीला जागाच नाही. नवा माणूस तिथे दोनदा दंड भरेल आणि त्यातून काही शिकणार नाही.

शिवाय हे चित्र तू स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलंयस. तू पाच फूट सात इंच, मी पाच फूट. तुला पांढऱ्याच्या वरून जो अल्फा दिसतो, तो मला अर्धाच दिसेल. उभारणी झाली की गोळीबाराच्या प्रत्येक जागेवर एकदा नीट उभी राहा, एकदा गुडघे वाकवून बघ. आपल्या क्लबात बुटक्या बायका आहेत, सहा फुटी पुरुष आहेत, सगळ्यांना परीक्षा एकच हवी.

आणि खुणा कर. माझ्या पहिल्या स्टेजवर मी स्टँडच्या पायांशी रंग मारला होता, पण लाकडी पट्टीवर कागदाची उंची आखली नव्हती. दुपारी वारा सुटला, नो-शूट हळूहळू खाली घसरला. चौदा जण खेळून झाल्यावर लक्षात आलं. सकाळच्या माणसांना एक स्टेज मिळाली, दुपारच्यांना दुसरी. ती स्टेज निकालातून काढावी लागली. एवढ्या जणांची सकाळ माझ्यामुळे वाया गेली, ते मला अजून लागतं. पेन्सिलची एक रेघ पुरली असती.

आता गुण देताना. भोकाशी जाऊन नीट वाक. पांढऱ्या कागदावर गोळीची काळसर कड स्पष्ट उमटते, ती बघ. फाटलेला कागद बघू नकोस, बाहेर गेलेल्या चिरा मोजायच्या नसतात. कागदाच्या कडेची अर्ध्या सेंटीमीटरची पट्टी गुणांत धरत नाहीत, पण गोळीने तिच्या आतल्या रेषेला स्पर्श केला असेल तर दंड द्यायचाच. शंका आली तर पारदर्शक मापपट्टी लावून बघ. कधी पांढऱ्याच्या मधोमध भोक असतं, आणि कागद उचलला की मागच्या अल्फातही भोक दिसतं. नेमबाज आशेने तुझ्याकडे बघतो. पण नियमाने कागदाचा गुणांचा भाग अभेद्य. अख्खी गोळी पांढऱ्यातून गेली, तर मागचं भोक मोजायचं नाही. एका नो-शूटवर दोनच भोकांचा दंड, आणि स्टेजचे गुण शून्याखाली जात नाहीत, हेही लक्षात असू दे.

समोर मैत्रीण असेल तर जास्त जपून बघ. तिला सवलत दिलीस, तर तिच्या खालच्या क्रमांकावरच्या मुलीचे गुण तू कापलेस असं होतं. निर्णय मान्य नसेल तर तिला वर दाद मागू दे, तो तिचा हक्क आहे. तोवर त्या भोकावर पॅच लावू नकोस, दुसऱ्या कुणाला लावूही देऊ नकोस.

तिसऱ्या टार्गेटवरचे दोन्ही पांढरे काढ, पाचव्यावरचा एक काढ. उरलेले दोन पुरेत.