गाडी उभी नव्हती

मागच्या नवरात्रात अंबडला मत्स्योदरी देवीचं दर्शन घेऊन आम्ही जालन्याकडे परतत होतो. रस्त्याच्या कडेला मोसंबीचा हातगाडा दिसला, म्हणून आईने थांबायला सांगितलं. ब्रेकवर पाय ठेवून काच खाली केली, दोन किलोचे पैसे दिले आणि पिशवी आईकडे देण्यासाठी मागे वळलो. वळताना पाय सुटला. गाडी ऑटोमॅटिक, आणि लिव्हर ‘डी’वरच (ड्राइव्ह) होता.

“ओ दादा, गाडी आवरा!” एवढंच ऐकू आलं. वीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच शोधत खाली आदळला, तो ब्रेकवर पडला. गाडी जागीच थांबली. मागे पट्टा न लावलेल्या आईचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. क्रेटमधून मोसंबी निवडणारा गाडेवाल्यांचा मुलगा बंपरपासून हातभर अंतरावर होता. उजवा पाय घाईत ॲक्सिलरेटरवर गेला असता तर काय, हा विचार मला अजून सोडत नाही.

क्लचच्या गाडीत गिअर विसरून पाय उचलला, तर गाडी हिसका देऊन बंद पडते. तो हिसका आपल्याला सावध करतो. ऑटोमॅटिक बंद पडत नाही. ब्रेक सुटला की चालण्याच्या वेगाने निघते. म्हणजे ‘डी’मध्ये ती उभी नसतेच, आपण तिला पायाने धरून ठेवलेलं असतं. पैसे द्यायचे, फोन घ्यायचा, मागे बघायचं, तर आधी ‘एन’ (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मगच पाय उचला. इंजिन चालू ठेवून खाली तर उतरूच नका.

आपल्याकडे बऱ्याच जणांची पहिली ऑटोमॅटिक ही एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) असते. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून ती भारतात आली आणि स्वस्त म्हणून पसरली. तिच्यात क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबतं. पण बहुतेक एएमटीत ‘पी’ (पार्क) नसतो, आणि इथेच लोक फसतात. ‘एन’मध्ये बंद केलेली गाडी फक्त हँडब्रेकच्या भरवशावर असते. उतारावर हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर ‘डी’, उताराकडे असेल तर ‘आर’ (रिव्हर्स) टाका, मीटरवर ते अक्षर दिसल्यावरच इंजिन बंद करा. चाकाखाली दगड लावायला लाजू नका. तुमच्या गाडीची पुस्तिका वेगळं सांगत असेल, तर तिचं ऐका.

चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. उतारावर ‘एन’ टाकून तेल वाचवायला जाऊ नका. इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

परवा पुतण्याने राजूरच्या गणपतीला जायला गाडी मागितली. चावी देण्याआधी त्याला मोकळ्या मैदानात नेलं, क्लच शोधू नये म्हणून डावा पाय सीटजवळ ओढून घ्यायला लावला आणि अर्धा तास फक्त थांबायला शिकवलं.