‘गोवलं’ की ‘नाव आलं’?

प्रश्न : ऊसदराच्या आंदोलनात पोरांवर गुन्हे दाखल झाले, की घरचे म्हणतात ‘पोराला गोवलं’. पेपरात मात्र ‘सहभाग निष्पन्न’ असं येतं. बरोबर काय? ‘गोवणे’ला दुसरा शब्द आहे का?
– एक वाचक, हातकणंगले

उत्तर : ‘गोवलं’ म्हणणाऱ्याने आपल्यापुरता निकाल देऊन टाकलेला असतो : पोरगं निर्दोष आहे, कुणीतरी मुद्दाम त्याचं नाव घातलंय. म्हणून तर ‘खोट्या गुन्ह्यात गोवलं’ असंच ऐकू येतं, ‘खऱ्या गुन्ह्यात’ कुणी गोवत नाही. ‘निष्पन्न’चा निकाल उलटा. तपास संपला, पुरावा हाती आला, असा त्याचा अर्थ. गुन्हा नोंदवल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो छापणं मला घाईचं वाटतं. ‘सहभागाचा संशय’ पुरे.

‘अडकवणे’ हा ‘गोवणे’चा सख्खा भाऊ. तुमच्याकडचं ‘उगंच अडकिवलं’ तेच सांगतं. पण ‘अडकवला’चं ‘अडकला’ करून बघा. ‘तलाठी लाचेच्या सापळ्यात अडकला’ वाचून त्याची कुणाला कीव येत नाही! ‘आळ’ जुना, आणि बहुधा खोटाच. गणेशचतुर्थीला चंद्र पाहिला की येतो तो आळ. श्रीकृष्णावर स्यमंतक मण्याच्या चोरीचा आला, तोही आळच. ‘आरोप’ मात्र खरा निघो वा खोटा, शब्द बदलावा लागत नाही. बातमीदाराला तोच सोयीचा.

थेट आरोप न करता ‘नाव जोडण्या’चीही रीत आहे. २२ जून १८९७ला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, तेव्हा मुंबईच्या इंग्रजी पत्रांनी टिळकांच्या ‘केसरी’कडे बोट दाखवलं. टिळकांवर खटला झाला तो राजद्रोहाचा, आणि १८ महिन्यांची शिक्षाही त्याचीच. खुनात त्यांना ‘गोवू पाहिलं’ असं म्हणता येईल. अर्थात, म्हणणारा टिळकांच्या बाजूचा असणार.

आंदोलनाची गोष्ट जरा अवघड. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९० प्रमाणे बेकायदेशीर जमावाच्या समान उद्दिष्टासाठी एकाने केलेला गुन्हा त्या वेळी जमावात सामील असलेल्या प्रत्येकाच्या माथी येतो. जुन्या दंडसंहितेत हेच कलम १४९ होतं. ‘मी नुसता उभा होतो’ म्हणणारा खरोखर बघ्या होता की जमावातला, हे कोर्टात ठरतं. तोवर ‘नाव आलंय’ म्हणावं. ते कुणी घातलं, हे त्यात सांगावं लागत नाही.