गावाचा आकडा चुकला तर? लोकसंख्येच्या अंदाजाला ग्रामसभेने हरकत कशी घ्यावी

कार्यकर्ता अभ्यासपाठ



आरोग्य उपकेंद्र किंवा अंगणवाडी मागायला गेलेल्या सरपंचांना पुष्कळदा एकच उत्तर मिळते : "तुमची लोकसंख्या निकषात बसत नाही." सरपंच परत येतात आणि विषय तिथेच संपतो. पण हे उत्तर ज्या आकड्यावर दिले जाते, तो कधीचा आहे, कोणी मोजला आणि त्या वेळी गावात कोण होते, हे विचारण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे. या पाठात आपण तेच समजून घेऊ.

१. आकड्यावर काय अवलंबून असते?

आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. ग्रामपंचायतीत सदस्य किती (७ ते १७), हेही लोकसंख्येवर ठरते. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून थेट मिळू लागला. त्याची वाटणीही लोकसंख्येच्या प्रमाणात होते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्याला किती लोकांसाठी धान्य मिळायचे, ते २०११ च्या जनगणनेवरून ठरले. त्यानंतर जन्मलेल्या मुलांची त्या आकड्यात गणतीच नाही.

२. आकडा कोठे चुकतो?

२०११ ची गणती ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. नियम असा होता, की या संपूर्ण काळात जो माणूस घरी नसेल त्याची नोंद घरी करायची नाही, तो जेथे सापडेल तेथे करायची. आता आपल्या भागाचा विचार करा. फेब्रुवारीत कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या कामावर असतात, बाकीची ऊसतोडीला गेलेली असतात. पाड्यात निम्म्या घरांना कुलूप असते.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका पाड्यात ६२ घरे, ३१० माणसे आणि सहा वर्षांखालील ४६ मुले आहेत. त्यांपैकी २० घरे भट्टीवर गेली. त्यांच्यासोबत १०० माणसे आणि १५ मुले गेली. कागदावर उरली २१० माणसे आणि ३१ मुले. पावसाळ्यात सगळे परत येतात, पण कागद बदलत नाही. पुढे वर्षानुवर्षे याच २१० ला वाढीचा दर लावून "अंदाजित लोकसंख्या" काढली जाते.

३. कोणत्या आकड्याला हरकत घेता येते?

जनगणनेचा जाहीर झालेला आकडा ग्रामपंचायतीच्या अर्जाने बदलत नाही. आपल्याकडे तशी अपिलाची सोय नाही. निवडणूक आणि आरक्षण यांसाठी राज्यघटनेच्या कलम २४३ प्रमाणे शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेचाच आकडा धरतात. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार घराघरांची नोंद गोपनीय असते. "आमचे घर मोजले होते का?" हे नंतर तपासता येत नाही.

मात्र वाढीचा दर लावून काढलेला अंदाज, अंगणवाडीचे सर्वेक्षण, लाभार्थ्यांच्या याद्या आणि सुविधांसाठी धरलेली लोकसंख्या यांना ग्रामसभा पुराव्यासह हरकत घेऊ शकते. अंगणवाडीबाबत तर सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर २००६ चा आदेश आहे : ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिने मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. येथे जनगणनेचा आकडा लागत नाही, मुलांची नावे लागतात. वरच्या हिशेबातला पाडा कागदावर ३१ मुलांचा आहे. नावानिशी यादी केली तर तो ४६ मुलांचा होतो आणि हक्कदार ठरतो.

४. इतरांच्या अनुभवातून

अमेरिकेत शहरे आणि काउंटी यांना दरवर्षीच्या लोकसंख्या-अंदाजाला हरकत घेण्याची ठरलेली पद्धत आहे. तेथे जन्म, मृत्यू आणि घरांच्या नोंदी दाखवाव्या लागतात. नुसती तक्रार चालत नाही. २०२० च्या जनगणनेनंतर तेथील आदिवासी शासनांनाही चुका दाखवून देण्याची संधी होती. पण त्यातून हद्दीच्या आणि नोंदी हाताळण्यातल्या चुकाच दुरुस्त होत होत्या. मुळात मोजायचेच राहिलेले लोक नंतर जोडता येत नव्हते. तपासणीत दिसून आले, की राखीव आदिवासी क्षेत्रांत राहणारे सुमारे ५.६ टक्के मूळनिवासी गणतीतून सुटले होते.

उलट बाजूही पाहा. नागालँडची लोकसंख्या १९९१ ते २००१ या काळात ६४ टक्क्यांहून अधिक वाढल्याची नोंद झाली. राज्य सरकारनेच त्या आकड्यावर अविश्वास दाखवला. पुढच्या गणतीत २०११ साली लोकसंख्या १९,९०,०३६ वरून १९,७८,५०२ वर आली. म्हणून आपल्या यादीत एकही नाव फुगवून घालू नका. एक खोटे नाव सापडले, की उरलेल्या खऱ्या नावांवरही संशय येतो.

५. हरकत कशी घ्यावी?

• पाडानिहाय कुटुंब नोंदवही करा. घरातील प्रत्येकाचे नाव, वय, आणि कामासाठी बाहेर असल्यास ठिकाण व परतण्याचा महिना लिहा.
• ही वही अंगणवाडी सेविका, आशाताई, ग्रामपंचायतीची जन्म-मृत्यू नोंद आणि घरांचा नमुना ८ यांच्याशी ताडून पाहा. फरक असेल तर तो का, ते लिहून ठेवा.
• ग्रामसभेत वही वाचून दाखवा. दोनदा आलेली नावे, मयत आणि कायमचे गाव सोडून गेलेले वगळा.
• ठरावात सरकारी आकडा, गावाचा आकडा आणि फरकाचे कारण या तिन्ही गोष्टी लिहा. "लोकसंख्या जास्त आहे" एवढेच लिहिलेला ठराव टिकत नाही.
• ठराव संबंधित अधिकाऱ्याला द्या; अंगणवाडीसाठी बाल विकास प्रकल्प अधिकारी, आरोग्यासाठी तालुका आरोग्य अधिकारी. प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.
• उत्तर आले नाही तर "आमच्या गावाची लोकसंख्या किती धरली व कशावरून?" असे माहिती अधिकारात विचारा.

६. फेब्रुवारी २०२७ पूर्वी

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणसांची गणती फेब्रुवारीत होईल. म्हणजे पुन्हा भट्टीचाच हंगाम. एकदा सुटलेला माणूस नंतर जोडता येत नाही, म्हणून येथे हरकत गणतीच्या आधीच घ्यावी लागते. आपले सर्व पाडे घरयादीत आले का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. गणतीच्या काळात घरातले कोणी काही दिवस तरी गावी येऊ शकते का, ते कुटुंबांशी बोला. जे येऊच शकत नाहीत त्यांची भट्टीनिहाय यादी तहसीलदारांना द्या आणि त्यांची गणती तेथे तरी व्हावी, अशी मागणी करा. ती यादी गावाच्या वहीतही ठेवा. पुढच्या दहा वर्षांच्या मागण्यांना तिचाच आधार असेल.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या पाड्यातील किती कुटुंबे फेब्रुवारीत बाहेर असतात? ती कोठे जातात?
२. अंगणवाडीचा आकडा आणि ग्रामपंचायतीचा आकडा यांत किती फरक आहे?
३. नोंदवहीचे काम कोणत्या महिन्यात केले तर सर्व घरे उघडी सापडतील? ते कोण करील?