पासवर्ड दर महिन्याला बदलायलाच हवा का?

प्रश्न : पुण्यातल्या कंपनीचं काम मी घरून करते. दर तीस दिवसांनी पासवर्ड बदला, व्हीपीएन तुटलं की पुन्हा लॉगिन, पुन्हा मोबाइलवर 'मंजूर'. लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. वैतागून आम्ही काही जण फाइली व्हॉट्सॲपवरच पाठवतो. ही सुरक्षा की छळ?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : पासवर्डचं म्हणाल तर निव्वळ छळ. ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची रीत फैलावली ती मुख्यतः अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेच्या २००३ मधल्या मार्गदर्शिकेमुळे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनीच २०१७ मध्ये जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. त्याच वर्षी संस्थेनेही सल्ला फिरवला : पासवर्ड फुटल्याचं दिसलं तरच बदलायला लावा. सक्ती केली की माणूस 'गणपती०७'चं 'गणपती०८' करतो, आणि हे चोरालाही ठाऊक असतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की जुना पासवर्ड हाती असेल तर १७ टक्के खाती पाचेक अंदाजांत उघडतात. तरीही आपल्याकडच्या अनेक कंपन्या तीस दिवसांचा नियम सोडत नाहीत. ऑडिटच्या तक्त्यात तो रकाना असतो ना!

दुसऱ्या पायरीबद्दल, म्हणजे पासवर्डनंतरच्या मोबाइलवरच्या मंजुरीबद्दल, मात्र कुरकुर नको. एप्रिल २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या इंधनवाहिनी कंपनीत चोर शिरले ते एका जुन्या व्हीपीएन खात्यातून. पासवर्ड त्यांच्याकडे होता आणि दुसरी पायरी नव्हतीच. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी मोजली.

पण दुसरी पायरी म्हणून नुसतं 'मंजूर'चं बटण कच्चं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर हल्लेखोराने मंजुरीच्या विनंत्यांचा मारा केला. आधी नाकारल्या गेल्या, शेवटी एक मंजूर झाली. दिवसातून दहादा 'मंजूर' दाबायची सवय लागली, की अकराव्यांदा कोण वाचतं?

यापेक्षा पासकी (फोनात किंवा लॅपटॉपमध्येच साठवलेली लॉगिनची किल्ली) किंवा यूएसबीची सुरक्षा किल्ली बरी. किल्लीला बोट लावलं की झालं. ती साइटचा पत्ता स्वतः तपासते, त्यामुळे हुबेहूब खोट्या पानावर तुम्ही फसलात तरी ती फसत नाही. गुगलने २०१७ पासून आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना ती वापरायला लावली. त्यानंतर अशा फसवणुकीने, म्हणजे फिशिंगने, कुणाचंही कामाचं खातं गेलं नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. इथे त्रासही कमी आणि सुरक्षाही जास्त. कंपनीच्याच लॅपटॉपवर एकदा लॉगिन झालं की ते दिवसभर टिकावं, आणि पगाराच्या किंवा ग्राहकांच्या माहितीपाशीच पुन्हा विचारावं, अशीही सोय करता येते.

व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणं आजच बंद करा. ती फाइल प्रत्येकाच्या खासगी फोनात राहते, नोकरी सोडल्यावरसुद्धा, आणि कंपनीला तिचा पत्ताही नसतो. त्याऐवजी आठवडाभर टिपून ठेवा : किती वाजता व्हीपीएन तुटलं, किती वेळा लॉगिन करावं लागलं, किती मिनिटं गेली. मग तो तक्ता आयटी विभागाला मेल करा, साहेबांना सीसीत ठेवून. नियम करणाऱ्यांच्या घरी बहुधा इन्व्हर्टर असतो; चिपळूणचा पावसाळा त्यांना आकड्यांतच कळणार.

आणि राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. बरीच लॉगिनं तिथेच वाचतील.