मागणीचा फॉर्म आणि जाहिरातीचा हिशेब

आमच्या शेतकरीबंधूंपैकीं पुष्कळजण आंबा, काजू, गूळ, बेदाणा असा माल दलालावर न सोडतां थेट गिऱ्हाइकास विकूं लागले आहेत. त्यासाठीं संकेतस्थळ काढावें, त्यावर मागणीचा फॉर्म ठेवावा, आणि गिऱ्हाइक तेथवर यावें म्हणून गुगलवर जाहिरात द्यावी, हा क्रम आतां रूढ होत आहे. या जाहिरातीचे पैसे बहुधा दर क्लिकमागें मोजावे लागतात. मग तें बोट आंबा घेणाऱ्याचें असो कीं नुसता भाव पाहणाऱ्याचें. म्हणून किती लोक येऊन गेले हें कळून फारसा उपयोग नाहीं. त्यांतील किती जणांनीं फॉर्म भरून पाठविला, आणि तो कोणत्या जाहिरातीमुळें, हें कळलें पाहिजे. अशा मोजलेल्या फळास त्या धंद्यांत ‘कन्व्हर्जन’ म्हणतात.

आमची बरीचशी नोकरी तालुका कचेरीच्या बारनिशींत गेली. अर्जदार कचेरीची पायरी चढला, एवढ्यावरून अर्ज दाखल झाला असें तेथें कधीं धरलें जात नसे. अर्ज हातीं आला, त्यावर आवक क्रमांक पडला, पोच दिली, म्हणजे तो दाखल. हाच न्याय येथें लावावयाचा आहे. परंतु तो न लावल्यामुळें आमच्या घरींच नुकसान झालें.

आमच्या पुतण्याची देवगड तालुक्यांत हापूसची बाग आहे. त्याचें संकेतस्थळ ज्यानें करून दिलें, त्यानें मोजणी ‘पाठवा’ या बटणावर बसविली होती. जाहिरातीच्या खात्यांत 40 कन्व्हर्जन दिसत. हातीं आलेले फॉर्म मात्र 11. शोध घेतां असें आढळलें कीं, भ्रमणध्वनीचा एखादा आंकडा चुकला म्हणजे फॉर्म स्वीकारला जात नसे. गिऱ्हाइक पुन्हा बटण दाबी, आणि प्रत्येक दाबणें मोजलें जाई. खर्च 4,400 रुपये झाला होता. खात्याच्या हिशेबानें एका मागणीस 110 रुपये पडले, खऱ्या हिशेबानें 400. याहून वाईट गोष्ट अशी कीं, बोली लावण्याचें काम त्यानें गुगलच्या यंत्रावर सोंपविलें होतें. मोजलेलें फळ ज्यांच्याकडून मिळेल असें वाटतें, अशांसाठीं तें यंत्र बोली वाढवितें. म्हणजे खोटी गणती केवळ वहींत राहिली नाहीं, तर तिनें पुढील पैसेही चुकीच्या वाटेस लाविले.

उपाय कठीण नाहीं. फॉर्म स्वीकारला गेल्यावरच जें पान उघडतें, ‘आपली मागणी पोंचली, आभारी आहों’ असें सांगणारें, त्या पानावर कन्व्हर्जनचा टॅग बसवावा. टॅग म्हणजे खात्यांतून मिळणारा संकेतलेखाचा लहानसा तुकडा होय. हें पान दुसऱ्या कोणत्याही वाटेनें उघडतां येऊं नये. कित्येक फॉर्मांत पान बदलतच नाहीं, तेथल्या तेथें आभाराची ओळ दिसते. अशा ठिकाणीं ती ओळ दिसण्याच्या क्षणास टॅग जोडावा, असें करणाऱ्यास स्पष्ट बजवावें. ‘टॅग असिस्टंट’ हें गुगलचें साधन फुकट मिळतें. त्याच्या साह्यानें एकदां रिकामा, एकदां चुकीचा व एकदां बरोबर फॉर्म पाठवून पाहावा. तिसऱ्याच वेळीं मोजणी झाली पाहिजे.

खात्यांत दोन गोष्टी नीट निवडाव्या. मोजणी ‘एक’ ठेवावी, म्हणजे एका क्लिकमागें त्याच माणसानें तीनदां फॉर्म पाठविला तरी एकच धरला जातो. दुसरी मुदतीची. क्लिकपासून 30 दिवसांतच आलेली मागणी धरावी असा मूळचा ठराव असतो. तो 90 दिवसांपर्यंत वाढवितां येतो. मार्चांत जाहिरात पाहून अक्षय्यतृतीयेस पेटी मागविणारें गिऱ्हाइक आमच्याकडे असतेंच, तेव्हां आम्हीं 60 ठेविले.

आतां दाखल झालेला प्रत्येक अर्ज मंजूर होत नाहीं, तशी प्रत्येक मागणी विक्रींत उतरत नाहीं. जाहिरातीवरून येणाऱ्या बहुतेक क्लिकांबरोबर ‘जीसीएलआयडी’ नांवाची एक खूण येते. फॉर्मांत एक अदृश्य रकाना ठेवून ती नांवापत्त्याबरोबर सांठवावी, आणि ज्यांचे पैसे खरोखर आले तेवढ्यांच्या खुणा मागाहून खात्यांत भराव्या. मग यंत्रास नुसतें विचारणारे व विकत घेणारे यांतील भेद कळूं लागतो. हें काम क्लिकपासून 90 दिवसांच्या आंत करावें लागतें. लोकांचें नांव व पत्ता सांठवावयाचा तर त्याचा हेतु फॉर्मावरच लिहून संमति घ्यावी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 सालीं झाला आहे.

फोनवर व व्हॉट्सॲपवर येणारी मागणी या गणतींत मुळींच येत नाहीं, आणि पुतण्याकडे तीच अधिक. तिच्यासाठीं आम्हीं वहींत निराळा रकाना आंखला आहे. ‘आमचें नांव कोठें पाहिलें?’ असें तो प्रत्येकास विचारतो, आणि मिळेल तें उत्तर आम्ही संध्याकाळीं त्यांत उतरून घेतों.