ग्रंथालयाचा स्थायी दुवा

ग्रंथालयातील पुस्तक आपल्या जागी नसले, तर वाचक ग्रंथपालाकडे जातो. ग्रंथपाल नोंद पाहतो, शेजारच्या कपाटात शोधतो आणि बहुधा पुस्तक हाती लागते. घरी बसून संगणकावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय नसते. दिवसभराचे काम आटोपून रात्री तो अभ्यासाला बसतो, पाठात दिलेल्या दुव्यावर टिचकी मारतो आणि पडद्यावर ‘पृष्ठ सापडले नाही’ एवढीच सूचना उमटते. विचारायला जवळ कोणी नसते. लेख ग्रंथालयाच्या संग्रहात असतो, त्याची वर्गणीही भरलेली असते. तरीही त्या विद्यार्थ्यापुरते ग्रंथालय बंदच राहते. म्हणून ऑनलाइन अभ्यासक्रमात टिकणारा दुवा देणे, ही शिक्षक आणि ग्रंथपाल या दोघांचीही जबाबदारी ठरते.

दुवे का तुटतात?

महाजालावरील सामान्य पत्ता लेख कोठे ठेवला आहे, एवढेच सांगतो. संस्थेने संकेतस्थळाची रचना बदलली किंवा नियतकालिक दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले, की लेखाची जागा बदलते आणि जुना पत्ता निरुपयोगी होतो. हार्वर्ड येथील अभ्यासकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतील सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ साली केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या वेबपृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. ग्रंथालयाच्या संगणकीय संग्रहात शोध घेऊन लेख उघडला, की ब्राउझरच्या वरच्या पट्टीत एक लांबलचक पत्ता दिसतो. हा पत्ता पुष्कळदा त्या भेटीपुरताच असतो. शोधाचे शब्द आणि वाचकाची तात्पुरती खूण त्यात गुंफलेली असते. शिक्षकाने तो पाठात उतरवला, तर त्याच्या संगणकावर त्या वेळी तो उघडतो. विद्यार्थ्यापर्यंत पोहोचेपर्यंत मात्र त्याची मुदत संपलेली असते.

जागा बदलते, ओळख टिकते

माणसाने घर बदलले, तरी त्याचे नाव बदलत नाही. स्थायी दुव्यामागे हेच तत्त्व आहे. ‘डीओआय’ हा लेखाला दिलेला कायमचा ओळखक्रमांक होय. त्याचा आरंभ १० या अंकाने आणि त्यापुढील टिंबाने होतो. तिरप्या रेषेच्या आधीचा भाग क्रमांक घेणाऱ्या संस्थेला दिलेला असतो, तर नंतरचा भाग त्या विशिष्ट लेखाचा असतो. या क्रमांकाच्या आधी डीओआयच्या संकेतस्थळाचा पत्ता जोडला, की दुवा तयार होतो. लेखाची जागा बदलल्यास प्रकाशक मध्यवर्ती नोंदीत नवा पत्ता लिहितो. पाठातील दुवा आहे तसाच राहतो. मात्र प्रकाशकाने ही नोंद अद्ययावत ठेवली नाही, तर हा दुवाही निकामी होऊ शकतो.

डीओआय ज्या ‘हँडल’ पद्धतीवर उभा आहे, तीच पद्धत भारतातील ‘शोधगंगा’ या प्रबंधसंग्रहातही वापरली जाते. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्र हा संग्रह चालवते. तेथील प्रबंधाचा दुवा देताना फाइलचा पत्ता न घेता, नोंदीत दिलेला हँडल-दुवा घ्यावा.

प्रवेशाची किल्ली

दुवा टिकाऊ असला, तरी प्रत्येक वाचकाला प्रवेश मिळेलच असे नाही. वर्गणीचे साहित्य सभासदांसाठीच खुले असते. महाविद्यालयाच्या आवारात संगणकाच्या जाळ्यावरून वाचकाची ओळख पटते. घरी ती पटत नाही. मग तोच लेख विद्यार्थ्याकडे पैसे मागतो. लेख विकत घ्यावा लागतो असे समजून तो वाचनच सोडून देतो, किंवा विनाकारण खर्च करतो. हे टाळण्यासाठी अनेक ग्रंथालये दुव्याच्या आधी आपल्या ‘प्रॉक्सी’ सेवेचा पत्ता जोडतात. त्यामुळे विद्यार्थ्यासमोर प्रथम ग्रंथालयाचे प्रवेशपृष्ठ येते आणि सांकेतिक शब्द दिल्यावर लेख उघडतो.

दुव्याची कटकट नको, म्हणून लेखाची प्रतच अभ्यासक्रमात चढवण्याचा मोह होतो. परंतु त्यामुळे स्वामित्वहक्काचा किंवा वर्गणीच्या कराराचा भंग होऊ शकतो. शिवाय मूळ लेखात पुढे दुरुस्ती झाली, तरी विद्यार्थी जुनीच प्रत वाचत राहतो.

दुवा देण्यापूर्वी

तयार झालेला दुवा सभासदत्वाची नोंद नसलेल्या ब्राउझरमध्ये, आवाराबाहेरून आणि भ्रमणध्वनीवरही उघडून पाहावा. प्रत्येक सत्राच्या आरंभी सर्व दुवे पुन्हा तपासावेत. दुव्याशेजारी लेखक, शीर्षक, नियतकालिक आणि वर्ष अवश्य लिहावे; दुवा तुटला, तरी एवढ्या माहितीवरून लेख शोधता येतो. अडचण आल्यास कोणाला कळवावे, हेही तेथेच नमूद करावे.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवण्याला त्यांनी त्यांत स्वतंत्र स्थान दिले. त्या काळी वाचक ग्रंथालयात येत असे. आज ग्रंथालयच वाचकाच्या घरी जाते. दुवा तयार करणाऱ्याने खर्च केलेली पाच मिनिटे अनेक विद्यार्थ्यांची अभ्यासाची रात्र वाचवतात.

स्वाध्याय

१. ब्राउझरच्या पट्टीतील पत्ता जसाच्या तसा पाठात का देऊ नये?
२. लेखाची जागा बदलली, तरी डीओआय दुवा कसा टिकतो? तो केव्हा निकामी होऊ शकतो?
३. तुमच्या अभ्यासक्रमातील कोणतेही तीन दुवे उघडून पाहा. जो उघडत नाही, त्याची माहिती देणारे पत्र अभ्यासकेंद्राच्या समन्वयकांना लिहा.