भाचीबाई, सही करण्याआधी

गोंदिया,
दिवाळीनंतरचा आठवडा

चि. भाचीबाईस,



तुझा मेल आणि सोबतचा करार मिळाला. करार आधी वाचला, मेल नंतर. त्याच्याही आधी ताईचा फोन येऊन गेला होता. "पोरगी ऑस्ट्रेलियाला चालली म्हणते, तूच समजव तिला." आमच्या घरात समजावणं म्हणजे थांबवणं, हे तुला ठाऊक आहे. थांबवायचं मला काही कारण दिसत नाही. पण सही करण्याआधी चार गोष्टी ऐकून घे. शाळेच्या डांबरी कोर्टवर तुला लेअप शिकवला, तेवढा हक्क मला आहे.

आजवर तू जिथं जिथं खेळलीस तिथं तू घरची होतीस. शाळा, जिल्हा, विद्यापीठ, राज्य. एखादा सामना वाईट गेला की कोच ओरडायचे, बाकावर बसवायचे आणि पुढच्या सामन्यात पुन्हा उतरवायचे. आता ज्या क्लबनं तुला बोलावलंय तिथं तू इम्पोर्ट. परदेशी खेळाडू किती घ्यायचे याला बहुतेक लीगमध्ये मर्यादा असते, आणि त्या मोजक्या जागांपैकी एक ते तुला देताहेत. तीच जागा ते अमेरिकेच्या कॉलेजातून निघालेल्या एखाद्या पोरीला देऊ शकले असते. त्यामुळं तुझ्यात सुधारणा होण्याची वाट पाहत ते बसणार नाहीत. त्यांच्या स्थानिक पोरींना जे जमत नाही ते तू पहिल्या महिन्यात करून दाखवावंस, यासाठी ते पैसे मोजताहेत.

सध्या मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे आणि नाटकांचे दिवस आहेत, म्हणून हे तुला लगेच कळेल. वडशाच्या कंपन्या नाटक घेऊन येतात, हिरोईन नागपूरची नाहीतर मुंबईची. पोस्टरवर तिचा फोटो सगळ्यात मोठा. आपल्या गावचा नट वाक्य विसरला तर लोक हसून सोडून देतात. पाहुणी विसरली तर दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर तिकिटाचे पैसे वाया गेल्याची चर्चा. आमच्या मंडळाच्या वतीनं नाटक ठरवायला मी अनेकदा वडशाला गेलोय. लोक कोणाला पुन्हा मागतात तेही पाहिलंय. जी बाई सगळ्यांबरोबर पंगतीला बसते, गावच्या तबलजीला नावानं हाक मारते आणि रात्री दोन वाजताही पहिल्या अंकासारखंच जीव तोडून काम करते, तिचं नाव पुढच्या हंगामाला आधी घेतलं जातं. तिकडं तू ती पाहुणी.

फिलिपिन्सच्या पीबीए या बास्केटबॉल लीगमध्ये तर इम्पोर्ट हा रोजच्या बोलण्यातला शब्द. तिथं काही स्पर्धा फक्त स्थानिकांच्या आणि काहींत संघाला बाहेरचा खेळाडू चालतो. त्याच्या उंचीवर बहुतेकदा मर्यादा, म्हणून आल्या आल्या त्याला भिंतीला लावून मोजतात. 2016 साली बारांगाय हिनेब्रा या तिथल्या सगळ्यात लाडक्या संघानं पॉल हॅरिस नावाचा अमेरिकन आणला. पहिल्याच सामन्यात त्याचा अंगठा दुखावला. बदली म्हणून जस्टिन ब्राउनली आला, फारसं कोणी नाव न ऐकलेला. अंतिम फेरीत शेवटच्या क्षणी त्यानं तीन पॉइंटचा बास्केट टाकला आणि संघाला आठ वर्षांनी विजेतेपद मिळालं. पुढं लोकांनी त्याला इतकं आपलं मानलं की 2023 मध्ये त्याला त्या देशाचं नागरिकत्व मिळालं, आणि त्याच वर्षी हांगझोच्या एशियाडमध्ये फिलिपिन्सनं 1962 नंतरचं पहिलं सुवर्ण जिंकलं तेव्हा तो त्या संघात होता. ही गोष्ट सगळे ब्राउनलीसाठी सांगतात. तू ती हॅरिसच्या बाजूनंही वाच. एक अंगठा, आणि परतीचं तिकीट.

आपल्याकडं तुझ्यासाठी खरा धडा गीतू अ‍ॅना जोस हिचा. केरळची, सहा फूट दोन इंच, दक्षिण रेल्वेची खेळाडू. 2006 ते 2008 ती ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या रिंगवुड क्लबकडून खेळली, तुला बोलावणं आलंय तशाच राज्य पातळीवरच्या लीगमध्ये. 2011 मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीएतल्या तीन संघांनी तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली नाही. ती परत आली, भारतासाठी खेळत राहिली आणि पुढं अर्जुन पुरस्कार मिळवला. मला तिचं कौतुक त्या चाचणीपेक्षा रिंगवुडसाठी जास्त वाटतं. छोट्या क्लबात, कुणी ओळखत नसताना, हंगामामागून हंगाम काढणं सोपं नसतं.

पंजाबचा अमृतपाल सिंग आधी कबड्डी खेळायचा, बास्केटबॉलकडं उशिरा वळला. जपानच्या क्लबात खेळून आला आणि 2017-18 च्या हंगामात सिडनी किंग्जमध्ये पोचला. सतनाम सिंग 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं निवडला, 52 व्या क्रमांकावर. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवड झालेला भारतातला तो पहिला खेळाडू. सगळा देश नाचला. एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही, आणि पुढं उत्तेजक चाचणीत अडकून दोन वर्षांची बंदी आली. यातून एवढंच घे: जिमवाला देईल ती पावडर तोंडात टाकायची नाही. डबा कुठलाही असो, आधी त्यातला प्रत्येक घटक जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या, बंदी यादीशी ताडून पाहायचा. घटक कळत नसेल तर डबा परत.

आता करार. बारा पानं आहेत, त्यातली दोन तुझ्या कामाची, आणि नेमकी तीच ढिसाळ आहेत.

तुझ्या करारात लिहिलंय की आल्यावर क्लब वैद्यकीय तपासणी करील आणि पहिल्या चार आठवड्यांत "समाधान न झाल्यास" करार रद्द करील. तपासणी असणारच, त्यात गैर काही नाही. पण समाधान कोणाचं आणि कशावरून? हे वाक्य काढायला सांग. नाही काढलं, तर रद्द केल्यावर परतीचं तिकीट आणि त्या महिन्याचे पूर्ण पैसे क्लब देईल, हे त्याखाली लिहून घे. खेळताना दुखापत झाली तर उरलेल्या हंगामाचे पैसे मिळणार की नाही, यावर करारात एक अक्षर नाही. उपचाराचा विमा कोणाचा, हेही नाही. तुझ्या गुडघ्याचं मागच्या वर्षी काय झालं ते तुला आठवतं, मला तर आठवतंच.

पैसे कराच्या आधीचे की हातात पडणारे, ते स्पष्ट कर. तारीख लिहून घे. "हंगामात तीन हप्त्यांत" असलं काही मान्य करू नकोस, दर महिन्याचे ठरव. जगभरात क्लब पगार थकवतात, श्रीमंत देशांतलेही. त्यावर एक इलाज आहे. जिनिव्हाला बास्केटबॉलचं लवाद न्यायालय आहे, बॅट म्हणतात त्याला. 2007 मध्ये फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, पुढाकारानं सुरू झालं. कोणत्या देशाचा कायदा लावायचा या घोळात न पडता ते न्याय्य काय हे पाहून निकाल देतं. क्लबनं निकाल पाळला नाही तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. मात्र वाद बॅटकडं जाईल हे करारात लिहिलेलं असलं तरच. तुझ्या करारात ते कलम नाही. क्लब लहान आहे, तिथं भरावी लागणारी फीही तुझ्या कमाईच्या मानानं जड पडेल, म्हणून रक्कम खरंच लहान असली तर मी यावर अडून बसणार नाही. पण कलम मागून तर पाहा. मागितल्यावर समोरचा कसा बोलतो, त्यावरूनही पुष्कळ कळतं.

ज्या एजंटनं हे जुळवलं त्याचं नाव फिबाच्या परवानाधारक एजंटांच्या यादीत आहे का ते बघ. एजंटला कमिशन करारानंतर मिळतं, साधारण दहा टक्क्यांपर्यंत, आणि पुष्कळदा ते क्लबच भरतो. "प्रोसेसिंग"साठी आधी पैसे मागत असेल तर फोन ठेव आणि नंबर मला पाठव. व्हिसा खेळण्याचा हवा, पर्यटनाचा नको, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि आपल्या महासंघाकडून लेटर ऑफ क्लिअरन्स लागेल, त्याशिवाय तिकडं तुझी नोंदणी होणार नाही. तो अर्ज क्लबनं तिथल्या संघटनेमार्फत करायचा असतो, तो केलाय का ते विचार.

आणखी एक कलम माझ्याकडून. भारतीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं तर क्लब सोडेल, हे लिहून घे. तू म्हणशील मामा हवेत आहे. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती काय आकाशातून पडली होती? क्रिकेटपटू विनू मंकडांचं ऐक. 1952 च्या इंग्लंड दौऱ्याआधी बोर्डानं त्यांना संघातल्या जागेची खात्री दिली नाही, म्हणून ते लँकशायर लीगमध्ये हॅसलिंग्डन क्लबचे व्यावसायिक खेळाडू झाले. पहिल्या कसोटीत आपली दुसऱ्या डावात शून्यावर चार बाद अशी अवस्था झाली. मग बोर्डाला मंकड आठवले. क्लबच्या हातापाया पडून त्यांना सोडवून आणलं, आणि लॉर्ड्सला त्यांनी 72 आणि 184 धावा केल्या, पाच बळीही घेतले. त्या लीगमध्ये क्लबच्या व्यावसायिक खेळाडूनं पन्नास काढले की प्रेक्षकांत टोपी फिरायची आणि चिल्लर गोळा व्हायची. आठवडाभर क्लबच्या पोरांना शिकवणंही त्याच्याकडंच. तुझ्या करारात "ज्युनिअर मुलींचं प्रशिक्षण" आलंय ते पाहून म्हणूनच मला हसू आलं. ते काम आनंदानं कर, पण आठवड्याचे तास ठरवून घे.

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्ये मोठं नाव असलेल्या बायकांनाही हे बाहेरचं खेळणं का करावं लागलं, तेही माहीत असू दे. डायना टॉरासीला तिच्या रशियन क्लबनं अमेरिकेतल्या पगारापेक्षा कितीतरी जास्त पैसे दिले आणि वर 2015 चा डब्ल्यूएनबीए हंगाम तिनं विश्रांती घ्यावी म्हणूनही पैसे मोजले. त्याच क्लबात जाताना ब्रिटनी ग्रायनर फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात गांजाच्या तेलाची नळी निघाली. नऊ वर्षांची शिक्षा झाली, आणि डिसेंबरात दोन देशांनी कैद्यांची अदलाबदल केली तेव्हा सुटली. तू लोणचं नेशील, मला माहीत आहे. ऑस्ट्रेलियाचे विमानतळवाले खाण्याच्या वस्तूंबाबत फार कडक आहेत. जे नेशील ते फॉर्मवर लिही.

आता ताईचा मुद्दा, नोकरीचा. रेल्वेच्या खेळाडू कोट्याची चाचणी सोडू नकोस. बायकांच्या बास्केटबॉलमध्ये या देशात वर्षानुवर्षं रेल्वेचा संघ पुढं राहिला तो उगाच नाही. तिथं पगार आहे, सराव आहे आणि तिशीनंतरही टेबल आहे. क्लब तुला सहा महिने देतोय. दोन्हींच्या तारखा एकमेकींवर आदळल्या तर क्लबला लिही की पंधरा दिवस उशिरा येते. नाही म्हणाले तर चाचणीला जा. माझं मत स्वच्छ आहे, आणि ते तुला आवडणार नाही, तेही कळतं. पण गीतूच्या पाठीशी नोकरी होती, म्हणून तिला रिंगवुडला निवांत खेळता आलं असावं, असं मला वाटतं. रोज रात्री "उद्या काढलं तर काय" हे डोक्यात घेऊन फ्री थ्रो पडत नाहीत.

तुझ्या खेळाबद्दल एकच. इथं तू पोस्टमध्ये उभी राहतेस, कारण इथं तुझ्याएवढी उंच कोणी नाही. तिथं तुझ्या उंचीच्या पोरी बॉल घेऊन धावतील. आत्तापासून बाहेरून शूट कर आणि डावा हात चालव. तिथले कोच तुझे जुने व्हिडिओ बघून तुला घेताहेत, त्यात तू फक्त रिंगखाली दिसतेस.

कराराची प्रत नागपूरला माझ्या ओळखीच्या वकिलाकडं पाठवलीय. सोमवारी फोन येईल. तोवर क्लबला फक्त "वाचतेय" एवढंच कळव.

तुझा,
मामा

ता. क. पासपोर्टवर तुझं आडनाव एक आणि दहावीच्या सनदेवर स्पेलिंग दुसरं आहे, ते ताईनं आज सांगितलं. व्हिसाच्या आधी ते सरळ करावं लागेल. बुधवारी मी तहसीलला जातोय, त्या कागदांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप कर.